जेवल्यावर एक

स्वयंपाकघराच्या भिंतीवर, मिठाच्या बरणीच्या वर, पुठ्ठ्याचा एक तुकडा अजून चिकटवलेला आहे. वहीच्या पाठीचा, तळहाताएवढा. त्यावर माझ्या अक्षरात लिहिलं आहे : सकाळी जेवल्यावर एक. अक्षर चांगलं आहे. शाळेतल्या नोकरीची सगळी वर्षं मी फळ्यावर लिहीत आलो, त्यामुळे काना-मात्रा नीट काढण्याची सवय आहे. पत्नीला जाऊन आता वर्ष होत आलं. तिच्या पुष्कळ वस्तू मुलीने येऊन आवरल्या, पण तो पुठ्ठा मी काढू दिला नाही. "बाबा, आता हा कशाला?" असं तिने विचारलं तेव्हा मी राहू दे म्हणालो. का, ते सांगितलं नाही. ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे, आणि लिहून झालं की आधी तिलाच पाठवणार आहे.

आम्ही झरीचे. सुरुवातीची काही वर्षं माझी शाळा येलदरीकडे होती, नंतर इथेच बदली मिळाली आणि इथेच निवृत्त झालो. पत्नीचं माहेर चुडावा. तिथे रेल्वे स्टेशन आहे आणि झरीला नाही, याचा तिला शेवटपर्यंत अभिमान होता.

तिचा रक्तदाब जास्त आहे हे कळलं ते दाढेमुळे. दाढ दुखत होती म्हणून परभणीला नेलं. दाताच्या डॉक्टरांनी आधी दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, पुन्हा बांधला, आणि दाढ काढायला नकार दिला. आधी बीपीच्या डॉक्टरांकडे जा, म्हणाले. गाल सुजलेला, तोंडात लवंग, आणि ती बाहेरच्या बाकावर बसून माझ्यावर चिडलेली. "दाढ दुखायलीय तर ह्येंनी दंड कामून बघितला? मला काय बी होईना गेलंय."

दुसऱ्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. दुखत नाही म्हणून माणूस गोळी सोडतो, तुम्ही सोडू देऊ नका, गुरुजी. सकाळी जेवणानंतर एक. मीठ कमी. मी मान डोलावली. घरी आल्यावर पुठ्ठा कापला, लिहिलं, तिला वाचून दाखवलं आणि भिंतीला चिकटवलं. ती चौथीपर्यंत शिकलेली होती, वाचता येत होतं. तरी मी वाचून दाखवलं.

पहिले काही दिवस मी विचारत असे. ती 'झाली' म्हणे. मग विचारणं सुटलं. महिन्याच्या महिन्याला औषधांच्या दुकानातून पाकिटं आणून मी बरणीजवळ ठेवत असे आणि महिनाअखेरीला ती रिकामी झालेली पाहून मला बरं वाटत असे. वर्तमानपत्रात रक्तदाबावर काही आलं की कापून ठेवत असे. त्या कात्रणांत बहुतेक वेळा हृदयाचं चित्र असायचं. छातीत दुखणं, घाम येणं, डावा हात, ही लक्षणं मला पाठ होती. तिच्या छातीत कधी दुखलं नाही. म्हणून सगळं ठीक आहे असं मी धरून चाललो. रक्ताचा दाब डोक्यातही जाऊन काही करत असतो, हा विचार एवढ्या वर्षांत एकदाही माझ्या मनाला शिवला नाही. मिठाचं तर विचारूच नये. ती म्हणाली होती, "दोघांसाठी दोन भाज्या कोन करावं?" आणि मला अळणी चालत नव्हतं.

आता कुरडयांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथेच प्रथम दिसलं.

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात कुरडया घालायच्या म्हटलं की चूल आमच्या अंगणात पेटायची. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा आणि उजाडायच्या आत शिजवायला घ्यायचा, म्हणजे ऊन वर येईपर्यंत साच्यातून बाजेवर पडलेल्या असतात. हे सगळ्याच बायकांना येतं. पण चीक नेमका कधी उतरवायचा, हे पत्नीवर सोपवलेलं होतं. ती ओल्या बोटाने चिकाला हात लावायची, चिमूटभर जिभेवर ठेवायची आणि म्हणायची, "उतरवा." त्या एका शब्दासाठी चार घरच्या बायका थांबलेल्या असत. चीक चाखायला लागतो म्हणून कुरडयांचा दिवस ती कधीही उपासाच्या वारी धरत नसे.

मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसलेला असे. त्यावरून दर वर्षी बोलणी खायचो.

"दाजी, पुस्तकात लिवलंय का चीक कवा शिजतो ते?" असं शेजारीण विचारायची. ही आमच्या भिंतीला भिंत लागून राहते. नवऱ्यामागे तिने पोरं वाढवली, बरीच वर्षं ऊसतोडीला गेली. पत्नीला अक्का म्हणायची, म्हणून मी दाजी.

"लिवलं असंल," पत्नी म्हणायची, "पर ते वाचूस्तवर चीक करपंल."

उपास तिचे पुष्कळ होते. सोमवार लग्नाआधीपासूनचा. दोन्ही एकादश्या, संकष्टी, श्रावण, नवरात्राचे नऊ दिवस. आणि गुरुवार. हा गुरुवार तिने माझ्यासाठी धरला होता. माझं मूतखड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नवस बोलली होती, मी बरा झालो तरी तिने सोडला नाही. मला उपास झेपत नाहीत. तिच्या उपासाला मी सकाळी भाकरी खायचो आणि दुपारी तिची भगर आणि शेंगदाण्याची आमटीही खायचो. मला ते दिवस आवडायचे.

एका नवरात्रात, आठव्या माळेला, तिच्या हातून पाण्याचा तांब्या पडला. मी आत गेलो तर ती ओट्याला धरून उभी होती आणि काहीतरी सांगू पाहत होती, पण शब्द जाड येत होते. ओठाची एक कड खाली आली होती. मी तिला बसवलं, तोंडावर पाणी मारलं. थोड्या वेळाने सगळं पहिल्यासारखं झालं. "उपासानं चक्कर आली," ती म्हणाली. शेजारणीनेही तेच म्हटलं आणि मीही. नऊ दिवस पोटात अन्न नाही, दुसरं काय होणार. दवाखान्यात नेलं नाही. तेव्हाच न्यायला हवं होतं, हे आज मी शाळेतल्या मुलालाही समजावून सांगू शकेन.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिने भिजवलेल्या गव्हाचं पाणी बदललं नाही. घरभर वास सुटला. "औंदा ऊनच लय हाय," ती म्हणाली, आणि गहू फेकून पुन्हा भिजवले. मग इतर गोष्टी दिसू लागल्या, पण इतक्या हळू की दिसल्या असं म्हणणंही खरं नाही. ती चालताना पाय घासू लागली. भाकरी थापून झाल्यावर तवा ठेवायचा राहिलेला असायचा. पूर्वी दिवसभर बोलणारी बाई दारात बसून राहू लागली. माणसं, नाती, कुणाचं लग्न कोणत्या साली, हे सगळं तिला आठवत होतं. म्हणूनच मला काळजी वाटली नाही. विसरणं म्हणजे नावं विसरणं, अशी माझी समजूत होती. वय होतंय, एवढंच मी म्हणत राहिलो. तिचं वय काही फार नव्हतं.

पुढच्या वर्षी चूल पेटली. पाणी उकळत होतं, चिकाचं भांडं शेजारी होतं. ती चुलीपुढे उभी राहिली, पाण्यात मीठ टाकलं. क्षणभर थांबली, पुन्हा मीठ टाकलं. मग हातात मिठाचा डबा धरून तशीच उभी. पाणी उतू जायला आलं.

"अक्का, चीक वाट बघायलाय तुमची," कुणीतरी म्हणालं आणि बायका हसल्या.

ती हलली नाही.

"दाजीनं पुस्तक वाचायला लावलं काय आज अक्काला?" पुन्हा हसणं झालं. मीही हसलो.

तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. घाबरलेलं माणूस मी पाहिलेलं आहे, पण तिला तशी कधी पाहिली नव्हती. "आता काय घालायचं?" तिने हळूच विचारलं. मला. ज्याला चिकातलं काही कळत नाही त्याला. हसणं एकाएकी थांबलं. शेजारणीने पुढे होऊन तिच्या हातातला डबा घेतला, बाजेच्या कडेला बसवलं आणि स्वतः चीक ओतला. त्या दिवशी उतरवा कुणीच म्हटलं नाही. कुरडया खारट झाल्या आणि त्यांत गुठळ्या राहिल्या. त्यांतल्या दोन मुठी मी एका डब्यात ठेवल्या आहेत. तळल्या नाहीत.

परभणीला डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या डॉक्टरांनी तो उजेडावर धरला. काळ्या-राखाडी चित्रात आत आत पांढरट ढग पसरलेले होते आणि मध्ये टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके.

"तुमच्याकडे कॅनॉल आहे ना, गुरुजी?" ते म्हणाले. "मोठ्या कॅनॉलला पाणी सुटतं, पण शेवटच्या शेताला ते पोचतं चारीतून. इथंही तसंच. मेंदूच्या आतल्या भागात केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात. वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला की त्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते. मग टेलच्या, शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही. हे पांढरं आहे ना, ते तेच. आणि हे ठिपके म्हणजे लहान लहान झटके. त्यांतले काही आलेले तुम्हाला कळलेही नसतील."

मी नवरात्रातला तांब्या सांगितला. त्यांनी मान हलवली. एकामागून एक कामं करणं, पुढचं काय ते ठरवणं, हे अशा आजारात आधी जातं, म्हणाले. आठवणी पुष्कळदा नंतर. चाल मंदावते, बोलणं कमी होतं. ती शेजारी बसून ऐकत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "कुनाच्या शेताला पानी न्हाई?"

डॉक्टर तिच्याकडे पाहून हसले. मग मला म्हणाले, "गोळ्या नियमित घेतात ना?"

"एकही चुकलेली नाही," मी म्हणालो. "मी स्वतः लक्ष देतो."

"व्हय," ती म्हणाली.

त्यांनी दुसरी एक गोळी वाढवून दिली. गोळ्या चालू असूनही दाब उतरत नाही, याचा त्यांनी दुसरा काय अर्थ काढायचा? त्यांना चुकीची माहिती मी दिली होती आणि ती देताना माझ्या आवाजात शिक्षकाचा ठामपणा होता.

दोन-तीन महिने गेले. एका गुरुवारी मी ओसरीवर वाचत बसलो होतो. शेजारीण दारात आली.

"दाजी, अक्का हायत का?"

"पडलीय जरा."

"मग तुमीच द्या की. आज गुरुवार हाय, त्यांची गोळी उरली आसंल."

"कसली गोळी?"

"बीपीची हो. उपासाची. अक्का उपासाला घेत न्हाईत, ती मला देतेत. मलाबी त्योच तरास हाय न्हवं? आता त्या इसरायल्यात म्हनून मागायला आले. तुमाला ठावं न्हाई?" आणि ती हसली. "नवराबायकू एका घरात राहून कसं ओ हे दाजी!"

मी पुस्तक बंद केलं. त्यात खूण ठेवायची राहिली, एवढं मला आठवतं. आज नको, आता तिला रोज लागते, तू सरकारी दवाखान्यातून तुझ्या घे, असं काहीतरी मी तिला म्हणालो. ती बरं म्हणून गेली.

आत पत्नी जागीच होती. मी विचारलं, उपासाच्या दिवशी गोळी घेत नाहीस?

"जेवल्याबिगर कशी घ्यावं?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काही लपवल्याची खूण नव्हती. वाया घालवायची नाही म्हणून शेजारणीला दिली, यातही तिला काही गैर वाटत नव्हतं. औषध उपाशी पोटी घेतलं की आग होते, हे तिने माहेरी ऐकलेलं होतं. आणि मग तिने हात उचलून स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बोट केलं. "तुमीच तर लिवलंय."

सोमवार, गुरुवार, एकादश्या, संकष्टी. त्या संध्याकाळी मी कॅलेंडर घेऊन बसलो. महिन्यातले दहा-अकरा दिवस. नवरात्राचे सलग नऊ. श्रावण वेगळा. असं किती वर्षं. आणि त्यांतले सगळे गुरुवार माझ्या नावाचे. हे सगळे वार मला तोंडपाठ होते. त्या दिवशी घरात काय शिजतं, साबुदाणा कधी भिजवायचा, उपास कधी सुटतो, सगळं. डॉक्टरांचं वाक्य आणि माझ्या घरातले वार, ही दोन टोकं जोडायला कुठलंही पुस्तक लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच परभणीला गेलो आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. उपासालाही घ्यायची, पाण्याबरोबर चालते, एक दिवसही सोडायची नाही, म्हणाले. मी विचारलं, रोज घेतल्या असत्या तर हे झालं नसतं का? "तसं एका माणसाबद्दल कुणीच छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. दाब आटोक्यात राहिला असता तर धोका कमी झाला असता, एवढं मी सांगेन. जे गेलं ते परत येणं कठीण आहे. पुढचं सांभाळू."

पुढचं आम्ही सांभाळलं. रोज सकाळी गोळ्या मी माझ्या हाताने दिल्या, उपास असो की नसो. पहिल्या गुरुवारी तिने तोंड घट्ट मिटलं. "आज न्हाई." मी म्हणालो, गुरुवार माझ्यासाठी आहे ना, मग मी सांगतो तसं कर. तिने विचार केला आणि तोंड उघडलं. दाब उतरला. दीड-एक वर्ष ती होती तिथेच राहिली. कधी विनाकारण रडायची, कधी दुपारभर चुडाव्याच्या गाडीची वेळ विचारायची. मी वेळ सांगायचो. मग गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीला एका सकाळी मोठा झटका आला. चौथ्या दिवशी दवाखान्यातच तिने प्राण सोडला. शेवटच्या दिवसांत ती काही बोलली नाही, त्यामुळे तिचे शेवटचे शब्द म्हणून माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

शेजारीण त्यानंतर मुलगा आणि सुनेबरोबर ऊसतोडीला गेली, नातवंडं सांभाळायला. चैत्रात परतली. सरकारी दवाखान्यात नर्सबाईंनी तिचा दाब पाहिला आणि गोळ्या दिल्या. त्या घेऊन ती थेट माझ्याकडे आली. "मला वाचायला येत न्हाई दाजी. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, सकाळी आले की घेत जाईन." मी त्या मिठाच्या बरणीजवळ ठेवल्या. दुसरी जागा मला सुचली नाही.

या वर्षी कुरडया आमच्याच अंगणात घालायच्या असं बायकांनी ठरवलं. मीठ जरा कमी घाला, एवढंच मी म्हणालो. शेजारणीने ओलं बोट चिकाला लावून पाहिलं, चिमूटभर जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "उतरवा." दुसऱ्या दिवशी एकादशी होती. सकाळी ती बाजेवरच्या कुरडया उलटायला आली. मी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलो.

"आज न्हाई घ्यायची," ती म्हणाली. "एकादस हाय."

"घ्यायची."

"उपाशी पोटी?"

"हो. उपासालाही घ्यायची. मी डॉक्टरांना विचारलेलं आहे."

ती माझ्या हातातल्या गोळीकडे पाहत राहिली. हातातली कुरडई तिने बाजेवर ठेवली. "पर अक्का तर उपासाच्या मला द्यायच्या," ती म्हणाली, आणि तिथेच थांबली. मग सावकाश ओसरीच्या पायरीवर बसली. मी काही बोलण्याआधीच तिला सगळं कळलेलं होतं. जे दोन-अडीच वर्षं मी तिला कळू दिलं नव्हतं, ते.

"दाजी, म्या त्यांच्या गोळ्या खाल्ल्या का हो?"

उघड्या दारातून आतली भिंत दिसत होती. "नाही," मी म्हणालो. "तू मागत नव्हतीस तेव्हाही ती घेत नव्हती. ते भिंतीवर आहे ना, ते मी लिहिलेलं आहे. उपासाचं त्यात लिहायचं मला सुचलं नाही. तिने मी लिहिलं तसंच केलं."

तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "तुमी काय वाईट लिवलं असंल व्हय?"

मी तांब्या पुढे धरला. तिने गोळी घेतली, वरून पाणी प्याली आणि रिकामा तांब्या पायरीवर ठेवला. मग उठून पुन्हा कुरडया उलटायला लागली. एकीची वाळलेली कड तिने मोडली, सवयीने तोंडाजवळ नेली, आणि एकादशी आठवून तिथेच थांबली. तो तुकडा माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "तुमीच बगा, मीठ कसं हाय."

मी तो जिभेवर ठेवला. मीठ कमी होतं. मी सांगितलं होतं तसंच.